फेशियलच्या आधी चेहरा कसा वाचायचा: पार्लरमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

कोर्स संपवून पार्लरमध्ये उभं राहिलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो: "ताई, मला कुठलं फेशियल सूट होईल?" नव्या मुलीची नजर लगेच भिंतीवरच्या रेट कार्डाकडे जाते. फ्रूट, पर्ल, गोल्ड, डायमंड. ही यादी किमतीच्या चढत्या क्रमाने लावलेली असते, त्वचेशी तिचा काही संबंध नसतो. डायमंडचं किट कोरड्या चेहऱ्याचं की तेलकट चेहऱ्याचं, हे त्याच्या नावावरून कळत नाही. ते बॉक्स उलटा करून, मागचं बारीक अक्षर वाचूनच कळतं. ती सवय आजपासूनच लावून घ्या.

कोर्समध्ये मसाजचे स्ट्रोक्स घोटून घेतात. त्वचा तपासणं मात्र एखाद्या तासात उरकतं. पार्लरमध्ये नेमकं उलटं लागतं. स्ट्रोक थोडा चुकला तर कुणाचं बिघडत नाही, पण नको त्या चेहऱ्यावर स्क्रब फिरला तर डाग सहा-सहा महिने राहतो. मी स्वतः पार्लर चालवते आणि मुलींना शिकवते. ज्या क्रमाने मी त्यांना शिकवते, तोच क्रम इथे देते आहे.

आपण ब्युटिशियन आहोत, त्वचेचे डॉक्टर नाही. रोगाचं नाव सांगणं हे आपलं काम नव्हे. या चेहऱ्यावर आज हात ठेवायचा का, आणि ठेवायचा तर कशाने, एवढंच आपल्याला ठरवायचं असतं.

जवळ काय हवं

- कस्टमरचं कार्ड किंवा वही (काय लिहायचं ते पुढे येतं)
- भिंगाचा दिवा. तो नसेल तर हातातलं मोठं भिंग आणि खिडकीचा उजेड
- सुगंध नसलेला सौम्य क्लीन्झर, साधे टिश्यू पेपर
- हेडबँड, डिस्पोझेबल ग्लोव्ह्ज, कापूस, स्पॅच्युला
- सॅनिटायझर आणि स्टरलाइज केलेला ब्लॅकहेड रिमूव्हर
- जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांचं नाव, पत्ता आणि ओपीडीची वेळ, एका कागदावर लिहून

हल्ली स्किन अ‍ॅनालायझर मशीन विकायला बरेच जण येतात. निळसर उजेडात चेहऱ्यावर नारिंगी ठिपके दिसले की कस्टमर घाबरते आणि महागाचं पॅकेज घेते. ते ठिपके रोमछिद्रांतल्या जिवाणूंमुळे चमकतात, हे खरं आहे. पण कापसाचे धागे आणि मेकअपचे अवशेषही त्याच उजेडात चमकतात. सुरुवातीला त्यावर पैसे घालू नका.

१. आधी प्रश्न, मग हात

कस्टमरला खुर्चीत आडवं करण्याआधी बसवून विचारा. एकदा डोळे मिटले, गाणी लागली, की कुणी नीट उत्तर देत नाही. प्रश्न असे:

- सध्या चेहऱ्याला काय लावता? नुसतं "काही नाही" यावर थांबू नका. "रात्री झोपताना? मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब? मैत्रिणीने दिलेली क्रीम?" असं नेमकं विचारा.
- पिंपल्सच्या किंवा दुसऱ्या कशाच्या गोळ्या चालू आहेत का?
- गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का?
- शुगर, थायरॉइड, दमा, फिट येणं, बीपी? पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातूची पट्टी?
- आधी कधी ब्लीच, फेशियल किंवा केसांच्या डायने खाज, सूज आली होती का?
- गेल्या पंधरा दिवसांत पील (अ‍ॅसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं), लेझर, वॅक्स, ब्लीच झालंय का?
- पाळी नियमित आहे का? हा प्रश्न हनुवटीवर पिंपल्स किंवा राठ केस दिसले तरच, आणि आजूबाजूला कुणी नसताना.
- दिवसभर काय करता? स्वयंपाकघर, शेत, दुचाकी, एसी ऑफिस?

शेवटचा प्रश्न गप्पांसारखा वाटतो, पण त्यातून खूप कळतं. पुण्यात रोज दीड तास दुचाकीवर तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून फिरणाऱ्या मुलीच्या गालावर आणि हनुवटीवर जे बारीक पुरळ येतं, ते बऱ्याचदा घाम आणि घासण्यामुळे येतं. तिला फेशियलपेक्षा रोज धुतलेला सुती स्कार्फ जास्त उपयोगी पडेल. कपाळावर केसांच्या रेषेलगत पुटकुळ्या असतील तर डोक्याला तेल किती लावता ते विचारा.

पिंपल्सच्या गोळ्यांमध्ये आयसोट्रेटिनॉइन आहे का, हे मुद्दाम विचारा. नाव आठवत नसेल तर घरी फोन करून स्ट्रिपचा फोटो मागवायला सांगा. ही गोळी चालू असताना त्वचा इतकी नाजूक होते की वॅक्सबरोबर वरचा थर निघून येऊ शकतो. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावरही साधारण सहा महिने चेहऱ्याला वॅक्स नको, स्क्रब आणि पील नको. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइनची क्रीम लावणाऱ्यांनी स्क्रब किंवा अप्पर लिप वॅक्सच्या आधी निदान आठवडाभर ती थांबवलेली असावी. ती डॉक्टरांनी दिली असेल, तर थांबवायची की नाही हेही डॉक्टरांनीच सांगायचं.

पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल, फिट येत असतील किंवा गरोदरपण असेल, तर गॅल्व्हॅनिक आणि हाय फ्रिक्वेन्सी ही चेहऱ्यावर सौम्य वीजप्रवाह देणारी मशीन बाजूला ठेवा.

२. चेहरा धुवा आणि थांबा

मेच्या उन्हातून आलेली कस्टमर लाल, घामेजलेली असते. त्या क्षणी तिचा चेहरा पाहून काहीच ठरवू नका. सौम्य क्लीन्झरने चेहरा धुवा, टॉवेलने न घासता टिपा आणि काहीही न लावता अर्धा तास थांबा. साबण नको. त्वचेचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच असतो, साध्या साबणाचा नऊ-दहाच्या आसपास. साबणाने धुतलेला कुठलाही चेहरा काही काळ ओढल्यासारखाच वाटतो, मग सगळ्याच जणी कोरड्या त्वचेच्या ठरतात.

अर्धा तास कुणाकडे असतो, असं मालकीणबाई म्हणतील. या वेळात कार्ड भरा, पेडिक्युअर सुरू करा, हाताचं वॅक्स करा. थ्रेडिंग मात्र करू नका. दोऱ्याने ओढलेली त्वचा लालसर होते आणि तो लालपणा तुम्ही सेन्सिटिव्ह त्वचा म्हणून कार्डावर लिहून मोकळ्या व्हाल. हा घोटाळा फार पार्लरमध्ये होतो.

३. उजेडात पाहा, मग स्पर्श करा

आरशाभोवतीचे पिवळे बल्ब सेल्फीसाठी छान असतात, तपासणीसाठी फसवे. खिडकीजवळ किंवा पांढऱ्या उजेडात बसवा. आधी दोन हात अंतरावरून पूर्ण चेहरा, मान आणि कान पाहा. चेहरा आणि मानेच्या रंगात किती फरक आहे? डाग दोन्ही गालांवर सारखे आहेत की एकाच बाजूला? मग भिंग घ्या.

कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटीवर वेगवेगळे टिश्यू हलक्या हाताने दाबा आणि उजेडात धरून बघा. सगळीकडे तेलाचे ठिपके आले तर त्वचा तेलकट. कुठेच नाहीत आणि चेहरा ओढतोय तर कोरडी. कपाळ, नाक, हनुवटीवर ठिपके आणि गालाचा कागद स्वच्छ, तर कॉम्बिनेशन. आपल्याकडे बहुतेक जणी याच गटात निघतात. ठिपके अगदी थोडे आणि ताण नाही, तर नॉर्मल. अशी कस्टमर क्वचितच येते. आली तर तिच्या चेहऱ्यावर जास्त प्रयोग न करणं बरं.

आता हात धुऊन बोटांच्या मागच्या बाजूने गाल हलकेच चाचपा. खरखर, उष्णता, आतली गाठ डोळ्यांआधी बोटांना कळते.

४. कोरडी आणि पाणी कमी झालेली, यात फरक करा

नवख्या मुली इथे सर्वात जास्त अडखळतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

कोरड्या त्वचेत तेल कमी असतं. तो तिचा स्वभाव, आणि वय वाढेल तसा तो वाढतो. डिहायड्रेटेड त्वचेत पाणी कमी झालेलं असतं. ती तात्पुरती अवस्था आहे आणि तेलकट चेहऱ्यालाही येते. चेहरा चमकतोय, टिश्यूवर तेल येतंय, तरी कस्टमर म्हणते, "धुतल्यावर ताणल्यासारखं होतं." गालाची त्वचा दोन बोटांनी हलकेच जवळ आणली की बारीक रेघांची जाळी दिसते. एसी ऑफिसातल्या मुली, नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर बाहेर असणाऱ्या बायका, दिवसातून चार वेळा फेसवॉश लावणारी कॉलेजची मुलं, यांचे चेहरे असे असतात.

अशा चेहऱ्याला तेलकट समजून मुलतानी मातीचा जाड थर लावला आणि तो तडकेपर्यंत वाळू दिला, की कस्टमर दुसऱ्या दिवशी पापुद्रे निघालेला चेहरा घेऊन परत येते. इथे जेलचा मसाज, कोरफडीचा किंवा हायालुरॉनिक अ‍ॅसिडचा मास्क आणि त्यावर हलकं मॉइश्चरायझर हवं. नुसतं जेल लावून सोडलं तर कोरड्या हवेत ते पाणी टिकत नाही.

सेन्सिटिव्ह हा तेलकट-कोरडीसारखा पाचवा प्रकार नाही. तेलकट चेहराही सेन्सिटिव्ह असू शकतो. कार्डावर त्यासाठी वेगळा रकाना ठेवा: जळजळते का, कशाने, किती वेळ.

५. रंग पाहा, पण गोरेपणासाठी नाही

१९७५ साली हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी, ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावरून प्रकार पाडले. सोरायसिसच्या रुग्णांना प्रकाशोपचाराचा डोस किती द्यायचा, हे ठरवण्यासाठी ते होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. आपल्याकडचे बहुतेक चेहरे चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात.

आपल्याला याचा उपयोग एवढाच: या त्वचेला कुठलीही इजा झाली की ती डाग सोडते. पिंपल फोडला, वॅक्स गरम लागलं, स्क्रब जोरात घासला, ब्लीच दोन मिनिटं जास्त राहिलं, तर लालपणा जातो आणि मागे तपकिरी खूण उरते. परदेशी व्हिडिओमध्ये गोऱ्या चेहऱ्यावर जे पील चाललेलं दिसतं, ते इथे तसंच्या तसं करू नका.

ब्लीचबद्दल कस्टमरचा मोठा गैरसमज असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया मिळून चेहऱ्यावरची लव सोनेरी करतात, त्यामुळे चेहरा उजळ भासतो. त्वचा गोरी होत नाही. हे आधीच सांगितलं तर पुढची निम्मी कुरकुर टळते. "रंग दोन शेड उजळेल" असं वचन कधीच देऊ नका.

६. चेहऱ्यावर काय काय दिसतं

*पिंपल्स.* नुसते ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स असतील तर काम आपलं. अधूनमधून लाल पुळ्या असतील तर त्या सोडून बाकी चेहऱ्याचं सौम्य क्लीनअप चालतं. पू भरलेल्या पुळ्या जास्त असतील, बोटाला आत दुखऱ्या गाठी लागत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर मसाज, स्टीम, स्क्रब काहीच नको. डॉक्टरांकडे लवकर पाठवलं तर खड्डे वाचतात. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. छिद्राच्या तोंडाशी आलेला ऐवज हवेने आणि त्यातल्या रंगद्रव्याने काळा होतो, म्हणून घासून तो जात नाही. नाकावरचे करडे बारीक ठिपके तर प्रत्येकाला असतात. कितीही काढा, काही आठवड्यांत परत भरतात. त्यासाठी नाक सोलून काढू नका.

*वांग.* दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर सारखेच पसरलेले तपकिरी पट्टे. बाळंतपणानंतर, गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना, उन्हात आणि चुलीच्या-गॅसच्या धगीपाशी काम करणाऱ्यांत जास्त. कुठल्याही फेशियलने वांग जात नाही. जोरात घासलं, गरम वाफ दिली, तर ते गडद होऊ शकतं. सौम्य क्लीनअप करा, वाफ टाळा, सनस्क्रीन समजावून सांगा. वांगासाठी रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन चांगलं, कारण दिसणाऱ्या उजेडानेही वांग वाढतं.

*मानेचा काळेपणा.* मान मखमलीसारखी जाडसर आणि काळी झाली असेल, काखेतही तसंच असेल, तर तो मळ नाही आणि टॅनही नाही. बऱ्याचदा शरीरातल्या इन्सुलिनच्या गडबडीची ती खूण असते. डी-टॅनचे पैसे घेण्याऐवजी "एकदा शुगर तपासून घ्या" म्हणा. हनुवटीवर राठ केस, पिंपल्स आणि अनियमित पाळी अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सुचवा.

*टिकलीच्या जागचा पांढरा डाग.* भुवयांच्या मधोमध गोल, टिकलीएवढाच. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने काहींचा रंग तिथे उडतो. सुरुवात असेल तर आधी खाज येते. टिकली बंद करायला सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा. त्यावर ब्लीच, स्क्रब नको.

*फिकट चट्टे.* लहान मुलांच्या गालावरचे कोंडेदार फिकट चट्टे घरी "कॅल्शियम कमी" किंवा "जंत" म्हणून खपवले जातात. बहुतेक वेळा तो कोरडेपणाचा प्रकार असतो. शिबं, कोड, इसब, सगळे फिकट दिसू शकतात आणि डोळ्यांनी ओळखण्याचा हट्ट आपण धरायचा नाही. फक्त एक नक्की विचारा: त्या जागी स्पर्श कळतो का? फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे बधिरपणा, हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध मोफत मिळतं, आणि तो पूर्ण बरा होतो. हे बोलताना आवाज खाली ठेवा, शेजारच्या खुर्चीपर्यंत जाऊ देऊ नका.

*गोल, कडेला खवले असलेला, खाजणारा चट्टा.* नायटा असू शकतो. तो टॉवेल, स्पंज, हात यांतून दुसऱ्याला लागतो. सपाट बारीक चामखिळी थ्रेडिंगच्या दोऱ्याने किंवा रेझरने ओळीने पसरतात, तेव्हा तिथे दोरा फिरवू नका. ओठाजवळ पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका असेल तर तो बरा होईपर्यंत काहीच नाही.

७. "ट्यूबचा" चेहरा ओळखा

याला मी वेगळा मथळा दिला आहे, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पार्लर उघडा, महिन्याभरात असा चेहरा समोर येतो.

मेडिकलमधून उजळपणासाठी, पिंपलसाठी किंवा नायट्यासाठी आणलेल्या काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही नावं पाठ करा. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर मोमेटासोन असलेली मिश्र क्रीमही खूप फिरते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा सुंदर उजळतो. मैत्रिणी विचारतात, मग त्याही आणतात. काही महिन्यांनी त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, उन्हात किंवा गॅससमोर जळजळ होते, एकसारख्या बारीक पुळ्या येतात, लव वाढते. क्रीम थांबवली की दोन-चार दिवसांत सगळं उसळून येतं, म्हणून ती परत सुरू होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड क्रीमना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरी मिळतात.

अशा चेहऱ्यावर काय करायचं? काहीही नाही. वाफ, ब्लीच, स्क्रब, वॅक्स, मशीन, फळांचा गर, सगळं बंद. आणि तिला "आजच ट्यूब फेकून द्या" असंही सांगू नका. एकदम थांबवल्यावर चेहरा भडकतो आणि दोष तुमच्यावर येतो. "ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ती कशी कमी करायची ते तेच सांगतील", एवढंच.

याच प्रकारातली दुसरी चीज म्हणजे बिनलेबलची "पार्लर क्रीम". डबीवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झालं, ती बातमी २०२३ च्या सुरुवातीला गाजली होती. होलसेलवाला कितीही मार्जिन देवो, असली डबी दुकानात ठेवायची नाही.

८. मग सुचवायचं काय

इथवर आलात की रेट कार्ड आपोआप बाजूला पडतं.

तेलकट, ब्लॅकहेड्सवाला चेहरा: क्लीनअप, पाच ते सात मिनिटं वाफ, ग्लोव्ह्ज घालून फक्त उघडी ब्लॅकहेड्स, जेलने थोडाच मसाज, केओलिन (पांढरी माती) किंवा मुलतानीचा मास्क ओलसर असतानाच काढायचा. एखादं ब्लॅकहेड दोन-तीन हलक्या दाबांत निघालं नाही तर सोडून द्या.

कोरडा, वयस्क चेहरा: वाफ तीन मिनिटांच्या आत किंवा नुसता कोमट टॉवेल, क्रीमने निवांत मसाज, क्रीमचाच मास्क. पील-ऑफ नको.

कॉम्बिनेशन: दोन मास्क लावायला लाजू नका. टी-झोनला (कपाळ, नाक, हनुवटी) माती, गालांना क्रीम. कस्टमरला ते आवडतंही, आपल्यासाठी वेगळा विचार केला असं वाटतं.

सेन्सिटिव्ह: सुगंध नाही, दाणेदार स्क्रब नाही, वाफ नाही. थंड पाण्यात भिजवलेली गॉझ आणि साधं जेल. बिल लहान होतं, होऊ दे.

टॅन: डी-टॅन पॅक चालतो, पण ताज्या उन्हाने लाल झालेल्या चेहऱ्यावर नाही. गोव्याहून काल आलेली कस्टमर आज डी-टॅन मागते. तिला आठवडाभराने बोलवा.

फेशियल साधारण चार आठवड्यांनी पुन्हा. तरुण त्वचेचा वरचा थर नवा व्हायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, वय वाढलं की जास्त. दर आठवड्याला फेशियल मागणाऱ्या कस्टमरला मी मसाज देते, स्क्रब देत नाही.

पार्लरमध्ये मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं), तीव्र ग्लायकोलिक पील, चामखीळ जाळणं, हे एक दिवसाचं सर्टिफिकेट मिळालं म्हणून करू नका. जिथे रक्त येतं ते काम आपलं नाही.

९. पॅच टेस्ट, घाईची नव्हे

ब्लीच, नवं किट किंवा कुठलंही अ‍ॅसिड असेल तर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं लावा आणि पॅकवर लिहिलेल्या वेळेनंतर धुवा. दहा मिनिटांत जे कळतं ती फक्त जळजळ. खरी अ‍ॅलर्जी एक-दोन दिवसांनी उमटते. म्हणून ४८ तास थांबायचं. कस्टमर थ्रेडिंगला येते तेव्हाच टेस्ट उरकून ठेवली तर फेशियलच्या दिवशी अडत नाही.

नवऱ्या मुलींसाठी तर हे अगदी काटेकोर पाळा. लग्नाआधीच्या पंधरा दिवसांत कुठलंही नवं प्रॉडक्ट नाही. शेवटचं फेशियल लग्नाच्या चार-पाच दिवस आधी. ब्लीच आणि हळद एका दिवशी नको, ब्लीच केलेल्या चेहऱ्यावर हळद-उटणं झोंबतं. तारखा लिहूनच हातात द्या, तोंडी सांगितलेलं लग्नघरात कुणी लक्षात ठेवत नाही.

१०. "आज नको" कसं म्हणायचं

सर्वात अवघड भाग हाच. कस्टमर सुट्टी काढून आलेली असते, मालकीण गल्ल्यावरून बघत असते. "बापरे, चेहऱ्याचं काय करून घेतलंत!" हे वाक्य तर तोंडातून जाऊच देऊ नका, आणि "हा नायटाच आहे" हेही नको. मी साधारण असं बोलते:

"काकू, इथे मला थोडी सूज दिसतेय. आज यावर मसाज केला तर डाग पडू शकतो. एकदा डॉक्टरांना दाखवून या. आज हेअर स्पा किंवा पेडिक्युअर करूया का?"

कारण एक, धोका एक, पर्याय एक. त्याहून जास्त समजावत बसलं की वाद सुरू होतो. "मागच्या पार्लरमध्ये तर करून दिलं" असं म्हणाल्या तर त्या पार्लरला नावं ठेवू नका, पुन्हा तेच वाक्य शांतपणे बोला. कस्टमर हट्टाने "माझ्या जबाबदारीवर करा" म्हणाली आणि सही द्यायलाही तयार झाली, तरी करू नका. सही घेतल्याने सूज कमी होत नाही.

११. नोंद आणि नंतरचा फोन

कार्डावर तारीख, त्वचेचा प्रकार, दिसलेल्या गोष्टी (चेहऱ्याची आकृती काढून त्यावर खुणा करा), वापरलेल्या प्रॉडक्टचं नाव आणि बॅच, वाफेची मिनिटं, आणि काय नाकारलं तेही लिहा. निघताना सांगा: आज ऊन नको, दोन दिवस स्क्रब आणि अ‍ॅक्टिव्ह सीरम नको, घरी लिंबू चोळणं कायमचं बंद (लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे डाग उठू शकतात), सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन किंवा मेसेज करा. लाली, खाज, पुरळ आहे का विचारा आणि उत्तर कार्डावर लिहा. सूज डोळ्यांपर्यंत आली असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर वाट न बघता दवाखान्यात जायला सांगा.

पुढच्या वेळी ती आली की जुनं कार्ड समोर ठेवा, पण प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारा. मधल्या काळात ऋतू बदललेला असतो, नवी गोळी सुरू झालेली असते, कधी बातमी गोड असते आणि ती अजून घरातही कुणाला सांगितलेली नसते. आणि आधीचा-नंतरचा फोटो काढायचा असेल तर विचारून काढा. स्टेटसला ठेवायचा असेल तर ते वेगळं विचारा.